मी तोललेले उपास

मित्रांनो, मी माणसं तोलणारा एक जुना काटा आहे. बाजारात धान्य आणि कोळसा तोलणारे माझे भाऊबंद तुम्ही रोज पाहता, पण मी त्यांच्यासारखा टांगता नाही. माझ्या पायाशी एक लोखंडी फळी आहे, तिच्यावर माणूस उभा राहतो. मागे उंच खांब, त्याच्या माथ्यावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक थोरलं, एक धाकटं. दांडी अधांतरी स्थिर झाली की माणसाचं वजन कळतं. यात जादू काही नाही. लांब बाजूचं लहान वजन आखूड बाजूचं मोठं ओझं पेलतं, एवढाच तरफेचा नियम माझ्या पोटात आहे.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझ्या दांडीवर पौंडांच्या रेघा कोरल्या, तो प्रत्येक रेघ कोरून झाली की तिच्यावर फुंकर मारायचा. तिथून मी कल्याणच्या लष्करी छावणीत गेलो. सैनिक रांगेने येत, बूट काढत, उभे राहत, उतरत. माझ्याशी कोणाचं काही बोलणं नसे. लढाई संपल्यावर छावणीतलं सामान लिलावात निघालं. खाटा, बादल्या आणि तंबूच्या काठ्या यांच्या ढिगात मी एक पावसाळा काढला. कोणीतरी माझ्या खांबावर ओली गोणपाटं वाळत टाकत असे. मला गंज चढला.

त्या ढिगातून मला डॉक्टर सुमती कारखानीस यांनी निवडलं. ठाण्याला नौपाड्यात त्यांचा बायकामुलांचा दवाखाना होता. त्यांनी स्वतः रॉकेलने माझा गंज काढला, सांध्यांत तेल घातलं आणि बाजारातून मापाची वजनं आणून माझी परीक्षा घेतली. मी उत्तीर्ण झालो. त्यांची नर्स लुर्दस ठाण्याच्याच जुन्या ख्रिस्ती वस्तीतली होती. मला पाहून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, या रनगाड्यावर बायका चढायच्या कशा?"

पण बायका चढल्या. हळूहळू मला माझ्या कामाची गोडी लागली. सैनिकांचं वजन नुसतं लिहून घेत; इथे माझ्या दांडीकडे पाहून कोणी हसे, कोणी सुस्कारा सोडे.

आता मी तुम्हाला सगुणाची गोष्ट सांगतो.

सगुणा कोपरीच्या मिठागरात काम करणाऱ्या राघोची बायको; तीही तिथेच राबायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी ती सासूबरोबर दवाखान्यात आली. सासू ठमाबाई पुढे, सगुणा मागे. ठमाबाई चांगल्या भरलेल्या अंगाच्या, आवाज त्याहून भरलेला.

"डाक्टरीन बाय," त्या दारातूनच म्हणाल्या, "सून माजी कवापासून बाहेर बसली नाय. आता नक्की हाय!"

मित्रांनो, बायकांना दर महिन्याला पाळी येते. त्या काळी त्या दिवसांत बाई घरात बाजूला बसे, त्यामुळे ते सगळ्या घराला कळे. पाळी थांबली की बाळ येणार, असं घर समजे. बहुतेक वेळा ते खरंही असतं. ठमाबाईंच्या घराने याआधी दोनदा असा आनंद केला होता. मागच्या खेपेला तर सगळ्या आळीत साखर वाटली होती. बाळ मात्र आलं नव्हतं.

लुर्दसने सगुणाला माझ्यावर उभं केलं. मी दचकलो. थोरल्या वजनाला फार पुढे जावंच लागलं नाही. इतक्या उंचीच्या बाईचं इतकं कमी वजन मी तोवर तोललं नव्हतं. ती उतरताना तिला घेरी आली आणि तिने माझा खांब धरला. लुर्दसने तिच्यासाठी चहा आणि दोन बिस्किटं आणली.

"नको," सगुणा हळूच म्हणाली, "आज मंगलवार हाय."

पडद्यामागे तपासून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दिवस गेलेले नाहीत," त्यांनी सांगितलं.

ठमाबाई बाकावर मटकन बसल्या. "मंग पाली का येत नाय? राघोचा मामा बोलतो, या पावसाल्यानंतर हिला माहेरी पोचवून ये, कायमची. मीच त्याला थोपवून धरलाय, दिवस गेलेत, दिवस गेलेत, करून. आता कंच्या तोंडानं सांगू?"

सगुणाने पुन्हा माझा खांब धरला. तिची बोटं घट्ट आवळली गेली. ती बोटं अगदी थंड होती.

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी पुन्हा बोलावलं आणि राघोलाही बरोबर आणायला सांगितलं. मूल होत नसेल तर दोघांना तपासायला हवं, असं त्या नेहमी म्हणत. पुष्कळ नवरे हे ऐकून रागावत. राघो रागावला नाही. तो आला आणि मान खाली घालून त्याने तपासून घेतलं. त्याच्यात दोष काही निघाला नाही.

त्या शनिवारी लुर्दसने सगुणासाठी पेलाभर दूध आणलं.

"नको, आज शनवार."

"अगो, मंगलवारी पन उपास, आज पन उपास," लुर्दस म्हणाली, "तुजा जेवनाचा वार कंचा गो?"

सगुणाला हसू आलं. मग ती खरंच बोटं मोजू लागली. सोमवार सासूने सांगितलेला. मंगळवार गावदेवीचा, तो आईने सांगितलेला. गुरुवार चुलतसासूने. शनिवार शेजारच्या आवडाबाईंनी, त्यांच्या भाचीला गुण आला होता म्हणून. त्याशिवाय चतुर्थी. आणि मासळी तिने स्वतःच सोडली होती, मूल मांडीवर येईपर्यंत. उपासालाही ती पाण्याखेरीज काही घेत नसे, कारण राजगिरा आणि साबुदाणा घेणं म्हणजे देवाला फसवणं, असं तिला वाटे. बाकीच्या दिवशी मिठागरातून दमून आल्यावर तिला जेवण जात नसे.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ठमाबाई," त्या म्हणाल्या, "घरात दाणा नसेल तर आपण पाहुणा बोलावतो का?"

"घरात दाना नाय? डाक्टरीन बाय, आमचं कनगं भरलेलं हाय!"

"तुमच्या घराचं नाही म्हणत. सगुणाच्या शरीराचं म्हणते. शरीर शहाणं असतं. आपल्यापुरतंही अन्न मिळत नाही असं दिसलं की ते दुसऱ्या जिवाची तयारी थांबवतं. तिची पाळी म्हणून थांबली आहे. बाळ आलं म्हणून नाही, बाळाला जागा नाही म्हणून."

"म्हंजे देवाचा उपास मोडायचा?" ठमाबाईंचा आवाज चढला. "शिकलेल्या बायकांना काय, बोलून मोकल्या! उद्या देवी कोपली तर तुमी येनार उभं राहायला?"

"देवीचं मला कळत नाही. मी फक्त काटा वाचते."

"काटाच खोटा असंल तुमचा!" असं म्हणून ठमाबाई उठल्या आणि कोणी न सांगता माझ्यावर उभ्या राहिल्या.

माझी दांडी फाडकन वर आदळली. लुर्दसने थोरलं वजन सरकवलं, आणखी सरकवलं, मग धाकटं सरकवलं. "मावशी, आता दांडी संपंल हो!" ती म्हणाली. बाकावरच्या बायका हसल्या. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आनि हिची रेघ कंची होती?" लुर्दसने बोट ठेवून दाखवली. ठमाबाई त्या दोन रेघांमधलं अंतर पाहत राहिल्या. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण अंतर पाहायला आकडे लागत नाहीत.

"एका चुलीवरचं खातो आमी दोघी," त्या म्हणाल्या.

मग त्या खाली उतरल्या आणि सुनेजवळ बसल्या. "राघोला लहानपनी देवी आल्या होत्या," त्या सांगू लागल्या. "मी गावदेवीला नवस बोलली, पायी येईन म्हनून. त्यात माझाच पाय मोडला. मंग माझ्या ननंदेनं फेडला तो नवस. देवी काय बोलली नाय. घरच्या मानसानं फेडला, फिटला." त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. "हिचा सोमवार माझा. मंगलवार पन माझाच, चतुर्थी पन माझीच. गुरवार जिनं सांगितला तिनं करावा. शनवार आवडाबाय करंल, नायतर मी तिच्या दारात जाऊन बसंन."

"आनि मासली?" सगुणाने विचारलं. "ती मी सोडली. ती कोन घेनार?"

दाराशी उभ्या असलेल्या राघोने घसा खाकरला. "मी सोडतो मासली," तो म्हणाला.

मित्रांनो, खाडीकाठच्या माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. लुर्दसला कळलं. तिने छातीवर क्रूस काढला.

तेव्हापासून ठमाबाई सुनेला दर पंधरवड्याला माझ्याकडे आणू लागल्या. सगुणा भात जेवत होती, सुकट आणि खाडीतल्या निवट्या खात होती, दूध पीत होती. माझं थोरलं वजन एकेक खाच पुढे सरकू लागलं. तिच्यानंतर ठमाबाई न चुकता स्वतः उभ्या राहत. त्यांचं वजन मागे सरकत होतं. "गुडघं दुखायचं राहिलं गो," त्या लुर्दसला कानात म्हणाल्या, "पन कोनाला सांगू नको. देवीला वाटंल मी मजेत हाय." आवडाबाईंनी दोन शनिवार केले आणि तिसऱ्या शनिवारी त्या माहेरी निघून गेल्या, तो शनिवार चुलतसासूच्या गळ्यात पडला. एक गोष्ट मात्र झाली. सगुणाला नवे उपास सांगायला येणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या.

राघो कधी न्यायला आला की बाहेरच उभा राहून विचारी, "डाक्टरीन बाय, लवकर होईल ना हो? काल आईनं कोलंबी केली होती. मी अंगनात जाऊन बसलो."

मग एक दिवस ठमाबाई एकट्याच आल्या. डोळे लाल झालेले. "सगलं फुकट गेलं," त्या म्हणाल्या. "आज ती बाहेर बसली. मामाला कलंल आता."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अहो ठमाबाई, साखर वाटायची ती आज वाटा! पाळी आली म्हणजे शरीराने दार उघडलं. मामांना म्हणावं, थांबा, आणि आधी एक सोमवार करून पाहा."

ठमाबाईंना हे उलटं शास्त्र पटायला वेळ लागला. पाळी चुकली की त्या आनंद करत, पण तीच खरी अडचण होती. आणि जी पाळी आली म्हणून त्या रडल्या, तीच आनंदाची सुरुवात होती. पण त्या परत गेल्या त्या पदर खोचूनच. मामाचं पुढे काय झालं ते मला पाहायला मिळालं नाही. लुर्दस सांगे, की मामाने एकच सोमवार केला, आणि तिन्हीसांजेपर्यंत त्याचा आवाज बसला.

पुढे पाळी काही महिने नियमित आली आणि मग थांबली. या वेळी साखर कोणी वाटली नाही. सगुणा माझ्यावर उभी राहिली तेव्हा लुर्दसने वजनं अगदी सावकाश सरकवली. तपासून झाल्यावर पडद्यामागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "ठमाबाई, आत या. या वेळी खरंच आहे."

बाळंतपण पावसाळा सरताना झालं. ज्या दिवसांत सगुणाला माहेरी पोचवायचं ठरलं होतं, त्याच दिवसांत, पण पुढच्या वर्षी. मुलगी झाली. महिन्याने ते सगळे तिला घेऊन आले. दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा छोटा तराजू दुरुस्तीला गेला होता, तेव्हा काम माझ्याकडे आलं. आधी सगुणा बाळाला घेऊन उभी राहिली, मग बाळ सासूकडे देऊन एकटी. दोन वजनांची वजाबाकी ते बाळाचं वजन. माझ्या सगळ्या आयुष्यात मी केलेली ती सगळ्यात सुंदर वजाबाकी. राघोच्या अंगाला त्या दिवशी तळलेल्या बोंबलांचा वास येत होता.

मित्रांनो, मूल न होण्याचं कारण प्रत्येक घरात वेगळं असतं. कधी बाईत असतं, कधी पुरुषात, कधी शोधून सापडत नाही. दवाखान्याच्या बाकावरून काही बायका रिकाम्या हाताने परत गेल्या आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. सगुणाचं कारण सापडलं, आणि घराने ते वाटून घेतलं, एवढंच मी पाहिलं.

आता मी म्हातारा झालो. देशात किलो आले. माझ्या रेघा पौंडांच्या, म्हणून मागच्या वर्षी एक नवा, गोल तबकडीचा काटा दवाखान्यात आला आणि मला बाकाशेजारच्या कोपऱ्यात उभं केलं. माझ्या खांबावर छत्र्या अडकवतात. मुलं माझ्या फळीवर उड्या मारतात. तक्रार नाही, पण उड्या मारल्या की दांडी जिच्यावर तोलते ती माझ्या सांध्यातली पोलादी धार बोथट होते, ओल्या छत्रीने गंज चढतो. अचूक वस्तूंना जपावं लागतं. एवढं मात्र करा.

कोपऱ्यात उभं राहण्याचा फायदा असा, की बाकावरचं बोलणं ऐकू येतं. परवा ठमाबाई नातीला खोकला झाला म्हणून आल्या होत्या. शेजारी एक अनोळखी, फिकट मुलगी बसली होती. अंगावर नवी साडी, हातात मळकट गंडे.

"पोरबाल नाय वाटतं?" ठमाबाईंनी विचारलं.

मुलीने मान हलवली.

"उपास किती करतेस गो?"

मुलगी बोटं मोजू लागली. ठमाबाईंनी तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

"घरी सासू हाय?"

"हाय."

"उद्या तिला घेऊन ये. मी पन येतं. डाक्टरीन बोलंल ते तिला पटनार नाय, पन माझं पटंल." असं म्हणून त्यांनी नातीसाठी आणलेल्या पुरचुंडीतला राजगिऱ्याचा लाडू काढून मुलीच्या हातावर ठेवला. "खा. आजचा वार मी बघतं."

मुलीने आजूबाजूला पाहिलं, मग लाडू मोडला.

मित्रांनो, आज जेवायला बसाल तेव्हा जी तुम्हाला वाढते तिला विचारा, तू जेवलीस का. आणि ती नुसती हसली, तर तसेच जेवून उठू नका. तिच्यासाठी पाट मांडा.