मागून आलेला हात

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचा एकच मंत्र होता: मूल पाण्यात लोटलं की आपोआप हातपाय मारतं. लोकांची पोरं त्यांनी अशीच लोटली आणि ती तरलीही. म्हणून स्वतःच्या लेकीलाही त्यांनी काठावरून, मागून अलगद धक्का दिला. तिच्या मात्र नाकातोंडात पाणी गेलं आणि त्या दिवसापासून ती भरलेली बादली बघूनही थरथरू लागली. जगाला तारणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

समुपदेशक बाईंनी बजावलं, "घाई करायची नाही." आधी ओला टॉवेल हातात, मग वाटीत बोटं, मग टबात पाय. जीव घाबरला तरी पळायचं नाही, भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं. मास्तरांना हे मुंगीच्या पावलांनी डोंगर चढणं वाटे, पण ते तोंडाला कुलूप लावून बसले. लेकीनं पुन्हा आपलं बोट धरून पाण्यात यावं, एवढीच त्यांची आस होती.

आज ती आईबरोबर तलावाच्या उथळ बाजूला उतरली; बाई काठावर होत्या. पाणी कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, आणि ती चक्क हसली. लांब भिंतीशी उभ्या मास्तरांचे डोळे भरून आले. न राहवून ते तिच्या पाठीमागच्या काठावर गेले.

"शाब्बास, माझी वाघीण!"

वळून पाहताच ती किंचाळली आणि तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली.

"पाणी जास्त वाटलं का गं?" बाईंनी विचारलं.

"पाणी नाही," ती हुंदके देत म्हणाली. "बाबा मागे आले."

"अगं, मी काही करणार नव्हतो," मास्तर म्हणाले. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, आता तुमच्यापासून सुरुवात करू. लांबून."

घरच्या जिन्यावर ते नेहमी लेकीच्या मागे चालायचे, पडली तर झेलायला. अलीकडे ती कठडा घट्ट धरून भराभर चढायची. का, ते आज परतल्यावर जिन्याशी त्यांना कळलं. ते पुढे झाले.

दार उघडून ते आत गेले, भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि दोन्ही हात तिला दिसतील असे पुढे धरले. आईच्या आडून लेक उंबऱ्यात आली.

"तिथंच उभे राहा हं, बाबा."

मास्तर उभे राहिले.