मुलीच्या वतीने

भिंगरीचे वडील गेले तेव्हा ती रांगत होती. पुढे तिच्या आईला जहाजावर स्वयंपाकिणीचं काम मिळालं. लेकीला ठेवणार कुणाकडे? नणंदेशिवाय होतं कोण! नणंद सोफ्यांची कव्हरं शिवायची, एकटीच राहायची आणि भाचीवर जीव ओवाळून टाकायची.

जहाज सुटायच्या आधी दोघी वकिलाकडे गेल्या. आई परत येईपर्यंत मुलीच्या शाळेचे, दवाखान्याचे सगळे निर्णय आत्या घेईल, असा कागद वकिलाने वाचून दाखवला.

“मी?” आत्या दचकली. “अहो, साध्या चपला घ्यायच्या तरी मी चार दुकानं पालथी घालते.”

वहिनी हसली. “ताई, सहलीच्या परवानगीवर सही करायची, एवढंच. बाकी काय होणार आहे?”

एका दुपारी शाळेच्या मैदानात पळताना भिंगरी कुंपणावर आदळली आणि तुटकी तार तिच्या डोळ्यात घुसली. टाके घातले, औषधं झाली, पण डोळा काही सावरला नाही. डॉक्टरीणबाईंनी आत्याला खोलीत बोलावलं.

“या डोळ्याची नजर गेलीच आहे. तो तसाच ठेवला, तर चांगल्या डोळ्यालाही धोका आहे. काढावा लागेल.”

“तिची आई समुद्रावर आहे हो.”

“कागदावर तुमचं नाव आहे.”

आत्याने जहाजाच्या कंपनीला फोनवर फोन केले. वादळात जहाजाशी संपर्क तुटलाय, एवढंच उत्तर मिळालं. ती दुसऱ्या डॉक्टरांकडे धावली. तेही तेच म्हणाले. मग ती भाचीच्या खाटेपाशी येऊन बसली.

“आत्या, आईला सांगू नकोस हं,” भिंगरी म्हणाली. “उगीच रडेल.”

आत्याने सही केली. 

वादळ निवळल्यावर वहिनीला फोनवर कळलं. ती पुढच्याच बंदरात उतरली आणि घरी आली. लेकीला कितीतरी वेळ पोटाशी धरून बसली. नंतर स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

“डॉक्टरीणबाईंशी बोलले मी. तुमचं काही चुकलं नाही, ताई.”

आत्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“कळतंय मला सगळं. पण तुमच्याकडे बघवत नाही. काय करू?”

“जा तिला घेऊन,” आत्या म्हणाली आणि भिंगरीच्या फ्रॉकांच्या घड्या घालायला बसली. एक फ्रॉक तिने तीनदा उलगडला.

वहिनीने जहाज कायमचं सोडलं. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला काम मिळालं. भिंगरीचा दुसरा डोळा छान राहिला. रविवारी वहिनी लेकीला आत्याच्या जिन्यापर्यंत आणून सोडायची आणि खालूनच मागे फिरायची.

एका रविवारी भिंगरी कापडाच्या ढिगावर लोळत म्हणाली, “आत्या, आई म्हणते, तू होतीस म्हणून मला दिसतंय. मग ती वर का येत नाही?”

आत्याने मशीन थांबवलं. “येईल गं. तिला जिना चढायला थोडा वेळ लागतोय.”

“पण तिचे पाय तर चांगले आहेत!”

“हो ना,” आत्या म्हणाली. तिने भाचीचे डोळ्यावर आलेले केस मागे सारले आणि पुन्हा शिवायला घेतलं.