वाळवीनं खाल्लेली पानं

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझ्या फाटक्या पुठ्ठ्यावर जाऊ नका. एकेकाळी चांद्याच्या दवाखान्यात मी मान ताठ करून बसलो होतो!

माझा जन्म नागपूरच्या छापखान्यातला. धानोऱ्याच्या लटारू गुरुजींनी मला बारा वर्षं वापरलं आणि १९५६ साली सोमारीच्या हाती दिलं. ती जंगलगावातल्या धुरपता सुईणीची लेक. तिला दवाखान्यात परिचारिका व्हायचं होतं. निवड करणाऱ्या डॉक्टरीणबाई दरवर्षी ‘लाइफ’ हा एकच शब्द देत आणि त्याचे जमतील तितके अर्थ विचारत, असं गुरुजींच्या कानावर आलं होतं. जागा एकच होती.

त्या घरात मोलाची वस्तू धानाच्या ढोलीतच ठेवायची रीत. बांबूच्या, शेणानं लिंपलेल्या त्या ढोलीत पोरीनं मलाही धानात पुरलं. खालून वाळवी लागली. आठ दिवसांनी काढलं तेव्हा नेमकी ‘लाइफ’जवळची पानं बरीचशी फस्त झालेली. ‘लाइफ’पुढे फक्त ‘जीव’ उरला होता. सोमारी ढसाढसा रडली. मलाही स्वतःची फार लाज वाटली.

अर्थ पाच-सहा तरी होते एवढंच गुरुजींना आठवलं, पण ते कोणते हे काही आठवेना. मग सोमारी गावभर विचारत फिरली. काय काय जिवंत असतं, किती दिवस असतं, कशावरून कळतं, असं ती ज्याला त्याला विचारी. लोक हसत, पण सांगत.

चांद्याला ती मला पिशवीत घेऊन गेली. बाकीच्या मुली ‘जीव’ म्हणून खाली बसल्या. सोमारी मात्र उभीच राहिली.

“पळसाच्या पानात भिजवलेला धान मोड काढते, ते लाइफ. सागाचा नांगर सात पावसाळे चालते, तेवढी त्याची लाइफ. ढोल वाजला का निजलेलं गाव नाचाले उठते, ते बी लाइफ. आन् पाचव्या महिन्यात लेकरू पोटात हालते, माय हात ठेवून सांगते, ते सगळ्यात मोठी.”

डॉक्टरीणबाईंनी कोणतं पुस्तक वाचलं म्हणून विचारलं. सोमारीनं मला त्यांच्यापुढे उघडून धरलं.

“यात एकच उरला होता, बाई. बाकीचे गावानं देल्ले.”

जागा सोमारीला मिळाली. आनंदानं माझी उरलीसुरली पानं फडफडली!

मित्रांनो, पुस्तकांना ओल आणि वाळवीपासून जपा, हात जोडून सांगतो. आणि माझ्या कुरतडलेल्या पानाला चिकटवलेला कोरा कागद जरूर बघा. त्यावर सोमारीच्या अक्षरात ‘लाइफ’चे नऊ अर्थ आहेत. माझ्यात छापलेले होते सहाच.