शेजारच्या खुर्चीतला माणूस

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सिनेमांचा निकाल लागायचा. न्यायाधीश तिघंच. साचे ओतणारे प्लास्टरदादा, तयार कवळी घासून चकचकीत करणारी पॉलिश आणि मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवणारी मेणू. खरी नावं पगाराच्या दिवशी तेवढी वापरात यायची. निकालही कवळीच्याच भाषेत. सिनेमा एक तर 'बसला', नाहीतर 'घासावा लागेल', नाहीतर सरळ 'वितळवा'. प्लास्टरदादांच्या मते हल्लीचे सगळेच सिनेमे वितळवण्याच्या लायकीचे होते, तरी दर रविवारी थिएटरात पहिले हजर कोण, तर हेच.

मेणू स्वतः सिनेमाला जात नव्हती. वडिलांचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून तिचं थिएटर सुटलं ते सुटलंच. पण न बघता मत देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पॉलिशने गोष्ट सांगायची, दादांनी नाकं मुरडायची आणि शेवटचा निकाल मेणूने द्यायचा, हे ठरूनच गेलं होतं. आठवड्याभराच्या लंगोट, चादरी आणि औषधांच्या वासातून तिला तेवढंच बाहेर पडायला मिळायचं. तेवढंच आणि रविवारची दुपार. रविवारी तिचा धाकटा भाऊ बाबांजवळ बसायला यायचा आणि ती लेकीला भेटायला वसतिगृहात जायची. नवरा बदलीच्या गावी. तेव्हा धाकटा नसता तर लेकीचं तोंडही दिसलं नसतं, हे ती येताजाता सगळ्यांना सांगायची. भाऊ असावा तर असा, असं स्वतः दादांनीच म्हटलं होतं आणि दादा सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत.

त्या सोमवारी सुरुवात दादांनी केली. उकडलेलं अंडं सोलता सोलता त्यांनी एका मारधाडीच्या सिनेमातली आतडी अशी रसभरीत बाहेर काढली, की मेणूने आपला डबा लांब सरकवला.

"दादा, जेवताय ना तुम्ही?"

"मग? आतडी पडद्यावर होती, माझ्या डब्यात थोडीच आली?" दादांनी अर्धं अंडं तोंडात टाकलं. समोर फळीवर कुणाकुणाच्या जबड्यांचे साचे आ वासून बसले होते. मेणूला त्यांची सवय होती, पण आज तेही नकोसे वाटले.

"वितळवा," ती म्हणाली. "पुढचा."

पॉलिश याचीच वाट बघत होती. तिने हात पुसले आणि खुर्ची मागे सरकवली, कारण पॉलिश सिनेमा सांगत नसे, करून दाखवत असे. तिच्या अंगात नक्कल होती. पडद्यावरच्यांपेक्षा आजूबाजूला बसलेल्यांचीच जास्त.

"मुलगा आजारी बापाला पाठीवर घेऊन डोंगर चढतो," तिने सुरू केलं. "चढतो, चढतो, चढतच राहतो. मधे एक गाणं, परत चढतो. बाप बोलत नाही. मी म्हटलं, बोलेल कसा बिचारा, बोलला तर सिनेमा संपेल."

दादा फसकन हसले.

"पण सिनेमा मरू दे. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक प्राणी होता. एकटाच आलेला. मांडीवर मक्याच्या लाह्यांचा हा एवढा डबा. आणि रडतोय! हुंदके देऊन. एक मूठ लाह्या, एक हुंदका. माझ्याकडे रुमाल मागितला. दिला. त्याने त्यात नाक शिंकरलं आणि रुमाल मला परत दिला."

"शी!" मेणू ओरडली.

"थांब गं, खरी शी पुढेच आहे. डोंगराच्या टोकावर बाप डोळे उघडतो, अख्खं थिएटर गप्प, आणि याचा फोन थरथरतो. हा खाली वाकला. असा." पॉलिश टेबलाखाली वाकली, तोंडावर हात धरला आणि तिचा आवाज बदलला. मऊ, दमलेला, जबाबदारीने वाकलेला आवाज. "'हो ताई. जेवले ना. सगळं संपवलं. आवाज? शेजाऱ्यांचा टीव्ही गं, लावलाय मोठ्याने. मी? मी इथेच, उशाशी बसलोय. बाबा ना? गालाखाली हात घेऊन झोपलेत बघ, अगदी लहान बाळासारखे.'"

दादांना ठसका लागला. मेणूही हसली, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने. "मेल्याच्या तोंडात शेण घाला," ती म्हणाली, "बापाला टाकून बापाचा सिनेमा बघतोय! बहीण बिचारी काय समजत असेल?"

हे बोलून झालं आणि मग तिला ते ऐकू आलं. गालाखाली हात. काल वसतिगृहाच्या ओट्यावरून धाकट्याला केलेला फोन ठेवल्यावर तिने हेच शब्द लेकीला सांगितले होते. त्यावर लेक म्हणाली होती, "मामा किती करतो गं."

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"आवडलं ना!" पॉलिश खुश झाली आणि पुन्हा वाकली. या वेळी तिने 'ताई'वरचा हेलही नेमका काढला, शेवटी जरा लांबवलेला. मेणू उठली. तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि मागच्या जिन्यात जाऊन भावाला फोन लावला.

"काल बाबांनी काय खाल्लं रे?"

"खिमट. सगळं संपवलं. का गं ताई?"

"आणि सिनेमा कसा होता?"

पलीकडून एक छोटंसं हसू. "कुठला सिनेमा?"

"ज्यात तू रडलास. दुसऱ्याच्या रुमालात."

तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर निदान थोडी लाज शिल्लक आहे असं तिला वाटलं असतं. तो सरळ समजावायलाच लागला. "अगं ताई, ते झोपलेलेच असतात. मी काय वाऱ्यावर सोडून जातो का? बाहेरून कडी लावून जातो."

"बाहेरून कडी."

"मग? उघडं टाकून जाऊ? आठवडाभर मी पण मरमर मरतो, ताई. माणूस आहे मी. आणि खरं सांगू? सिनेमा बघताना सारखी बाबांचीच आठवण येत होती."

हे त्याने मनापासून म्हटलं. हीच सगळ्यांत घाणेरडी गोष्ट होती. तो खरंच रडला होता. पडद्यावरच्या बापासाठी त्याच्याकडे पाणी होतं, आणि घरातल्या बापाला पेलाभर पाणी द्यायला कोणी नव्हतं. मेणूने उभ्या जन्मात अनोळखी माणसांच्या किडलेल्या, कुजक्या तोंडांचे साचे हातात घेतले होते, पण अशी किळस तिला कधी आली नव्हती.

"माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नकोस," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

दुपारभर तिने दात बसवले, काढले, पुन्हा बसवले. पॉलिशने विचारलं, "निकाल राहिला की गं, मेणू. बसला की वितळवायचा?" मेणूने पुढचा दात उचलला. काय सांगणार? भाऊ असावा तर असा?

घरी जाताना तिला पहिल्यांदा बाकीचं आठवलं. रविवारी संध्याकाळी ती परतायची तेव्हा चादर ओली असायची. नेहमीच. धाकटा दारातच चपला घालत म्हणायचा, "आत्ताच झालं बघ, मी बदलणारच होतो." आणि ती कुणावर चिडायची? बाबांवर. कालही चिडली होती. "एवढा वेळ तो उशाशी बसलेला असतो, त्याला साधी खूण करता येत नाही? मुद्दाम माझ्यासाठी ठेवता का सगळं?" बाबांनी भिंतीकडे मान वळवली होती. तिने ती मान हट्टाची समजली होती आणि पुसताना हात जरा जोरातच चालवला होता. आता तोच हात तिला नकोसा वाटत होता.

तिने कामाच्या दिवशी बाबांना सांभाळणाऱ्या बाईला निरोप दिला, हातपाय धुतले आणि पलंगाच्या कडेला बसली. बाबांचे डोळे उघडे होते. समजत त्यांना सगळं होतं, आधीपासून. फक्त ते बाहेर काढायला डावा हात आणि मान, एवढंच उरलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "खरं सांगा. रविवारी धाकटा इथे असतो का?"

बाबांनी मान हलवली. हो.

"काल होता? दुपारभर?"

हो. या वेळी जास्त जोरात. तेवढ्याने भागेना, म्हणून त्यांनी डावा हात कसाबसा उचलून उशाशी असलेल्या खुर्चीकडे बोट केलं. तिथे. तिथेच बसला होता. त्यांनी ते बोट तसंच धरून ठेवलं. तिची बोलणी, ओली चादर, जोरात चाललेला तिचा हात, सगळं गिळून हा माणूस दर रविवारी मुलाची बाजू राखत आला होता. एक शब्दही न बोलता.

तिला वाटलं ओरडावं, तुम्हाला कडी लावून जायचा तो. पण हे त्यांना ती काय सांगणार? कडी त्यांनी आतून ऐकली होती.

बाबांनी बोट खाली घेतलं आणि तिच्याकडे बघत दाराच्या दिशेने बोटं हलवली. हा प्रश्न ती ओळखायची. येईल ना पुन्हा?

"येईल की," ती म्हणाली. "रविवारी." अगदी सहज, मऊ आवाजात म्हणाली, आणि हे आपल्यालाही इतकं छान जमतं याची तिला शिसारी आली. बाबांचा चेहरा सैलावला. तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला, चादर चाचपली. कोरडी होती.