कळंबाची फांदी

सुरुवात फांदीपासून. नाही, फोनपासून.

"एकनाथ, कळंब परत आलाय," गावाहून नामदेवकाका बाबांना म्हणाले. "तुझा बा इथं होता तेव्हा डोंगर तोडून शेतं केली, शेवटचं कळंबाचं झाडही गेलं. आता माणसं शहरात, शेतं पडीक. रान पार विहिरीपर्यंत उतरलंय. त्रिवेणीच्या लग्नाला फांदी आणतो. आपलं देवक आहे."

फोन स्पीकरवर होता. आईचे हात भाजीतच थांबले.

कारण आमचं देवक आंबा. आजोबा हैदराबादला आले, इथं कळंब सापडेना, त्यांनी आंब्याची डहाळी पुजली. तेव्हापासून आंबा. मुलाकडच्यांनाही तेच सांगितलं.

रितेशचं, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं, देवक कळंब.

एक देवक म्हणजे भाऊबंद. लग्न नाही.

उद्या देवक बसायचं. दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत बाबांच्या फेऱ्या.

"येऊ नका म्हणू का त्यांना?"

"एव्हाना गाडीत बसलेत ते," आई म्हणाली. "आपलं मूळ देवक कळंब, हे तुम्हाला ठाऊक होतं की."

काकांना आणायला नामपल्ली स्टेशनवर मीच गेले.

काका उतरले. काखेत ओल्या धोतरात गुंडाळलेली फांदी. मी तिथंच सांगून टाकलं. ते बाकावर बसले.

"तुझ्या बापाला ठाऊक होतं?"

"हौ."

"हौ म्हणे. पार इथलीच झालीस." काकांनी फांदी मांडीवर घेतली. मग, "मांडवात कुणी विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाही, पोरी."

रितेशचा फोन. "यार, आई परेशान आहे. सगळ्या नर्सऱ्या फिरलो, कळंब नाही. तुमचं कुणी गावाकडून येतंय का?"

काकांनी ऐकलं. धोतराची गाठ सोडली. बांधली. परत सोडली.

"पोराचं घर सिकंदराबादला ना? कुणीकडं आलं ते?"

रिक्षात फांदी आमच्या मध्ये. प्रत्येक खड्ड्याला पानं माझ्या तोंडावर. मला उतरावंसं वाटत होतं, पोचावंसंही.

रितेशच्या आईनं फांदी कपाळाला लावली. "कुठून आणलीत?"

"रानातून. तिथं आता कुणी राहत नाही."

"आणि तुमचं देवक काय हो?"

मी दाराची कडी धरली.

"लग्न एकनाथच्या घरचं," काका म्हणाले. "त्याच्या घरात पुजतात ते." आणि चपला शोधू लागले.

पुन्हा नामपल्ली. थांबा म्हटलं. दोनदा म्हटलं. ते परतीच्या गाडीत चढलेच. गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडले, "वाटेत आंब्याची डहाळी घे. तुझ्या बापाला सुचायचं नाही."