मखाण्यांचा मलिदा

मखाणे लाटण्याखाली चेपत नव्हते, ओट्यावर चहूकडे उडत होते. दीना झिराडकरांनी पायाशी पडलेला एक उचलला, फुंकर मारून पुन्हा पोळपाटावर ठेवला. चेपून भिजवले की अगदी पोह्यांसारखे दिसतील, असं त्या शेजारच्या श्यामलाला सांगत होत्या. श्यामलाला ते काही केल्या पोह्यांसारखे दिसत नव्हते. पण ती बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको, चार बदल्या पचवलेली. कुठे गप्प बसायचं ते तिला कळत होतं.

दीनाबाई अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. चाळीस वर्षं कलकत्त्यात नर्स होत्या, निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. नवरा शालोम शहराजवळच्या बजबज गावात तेलाच्या डेपोत होता. किती अंघोळी केल्या तरी त्याच्या अंगाचा रॉकेलचा वास गेला नाही. तीन वर्षांपूर्वी तो स्वतःच गेला. यंदा मार्चमध्ये दीनाबाईंच्या पोटदुखीला डॉक्टरांनी नाव दिलं आणि आधी गहू, मग तांदूळ, शेवटी धान्य म्हणून जे जे असेल ते सगळं बंद केलं. जन्मभर दुसऱ्यांना पथ्यं सांगणाऱ्या बाईवर ही पाळी.

भाकरीवाचून, भातावाचून त्यांचं फारसं अडलं नाही. अडलं ते आज. उद्या दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, दिवसभर कडक उपास करायचा. आणि त्याच्या आदल्या दिवशी घरातली गेलेली माणसं परत येतात, बंद दारांआड आपल्यासोबत राहतात आणि तिसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, निघून जातात, असं सासूबाई सांगायच्या. ती घर ओळखतात मलिद्याच्या वासावरून. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच फळं. शालोमपुरते पोहे कालवून ठेवता आले असते, पण झिराडकरांच्या घरची रीत अशी, की ज्या ताटातून आपण खाणार नाही ते गेलेल्यांपुढे मांडायचं नाही.

"मग यांना घर कसं सापडायचं गं?" दीनाबाईंनी विचारलं.

श्यामलाला हसू आलं नाही. पितृपक्षात तीही गच्चीवर पान मांडून कावळ्याची तासभर वाट बघत उभी राहिली होती.

श्यामला गेल्यावर दीनाबाईंनी वेताच्या खुर्चीसमोर ताट मांडलं. मागची तिन्ही वर्षं अर्ध्या तासाच्या आत खोलीत रॉकेलचा वास आला होता. भास म्हणावा, तर असंख्य मेलेल्यांचे डोळे मिटलेली ही बाई, तिला असले भास होत नसत. यंदा नुसता वेलचीचा वास येत राहिला. सूर्य कलताना त्या त्यातलंच चार घास जेवल्या आणि दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी दशमी. सगळं शहर देवीच्या विसर्जनाला रस्त्यावर उतरलेलं, ढाक नावाचे ढोल वाजत होते, इमारत मात्र रिकामी. दीनाबाई पांढऱ्या साडीत प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. तीनच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. उजवा पाय जरा ओढत टाकलेला, शालोम टाकायचा तसा. पावलं दारापाशी येऊन थांबली.

त्या उठल्या. दाराखालच्या फटीतून रॉकेलचा वास येत होता. हात कडीपर्यंत गेला. आकाशात तारे दिसेपर्यंत हे दार उघडायचं नव्हतं, आयुष्यात एकदाही उघडलं नव्हतं.

"हेच घर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

पावलं जरा घुटमळली आणि पुढे गेली. मग श्यामलाच्या कुलूप लावलेल्या घरात खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. दीनाबाई दाराला टेकून खाली बसल्या. पुढची प्रार्थना त्यांना म्हणता आली नाही.

सकाळी श्यामला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. काल सगळे बाहेर जाताना तिने टेबलावर दडपे पोहे झाकून ठेवले होते. परत आली तर झाकण व्यवस्थित बाजूला काढलेलं, पोह्यांना मात्र हात लागलेला नाही आणि खुर्ची ओढलेली. तिचा नवरा श्रीकांत म्हणतो, उंदीर.

"उंदीर खुर्ची ओढतो का मावशी? आणि घरभर रॉकेलचा वास. आमच्याकडे रॉकेल कुठलं?"

दीनाबाईंना आधी राग आला, मग फार लाज वाटली. आपल्या घरचं माणूस रात्रभर लोकांच्या दारी उपाशी बसलं होतं. त्यांनी फ्रीजमधला परवाचा मलिदा काढला आणि शेजारी गेल्या. ती खुर्ची तशीच होती. आत सारायचा धीर कुणाला झाला नव्हता. दीनाबाई समोर बसल्या, एक चमचा खाल्ला आणि वाटी पलीकडे सरकवली.

"मला आता धान्य चालत नाही हो. तुम्हाला सांगायचं राहिलंच. पुढच्या वर्षी या वासावर या."

खोबऱ्याला जरासा आंबूस वास सुटला होता. मग दीनाबाई उठल्या, त्यांनी बाहेरचं दार सताड उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. पॅसेजमध्ये उभी असलेली श्यामलाही ओढणी सावरून भिंतीकडे सरकली, घरातलं मोठं माणूस बाहेर पडताना सरकतात तशी.