जैतूनच्या बोरीचा पाला

"कोयता हातात धरून नुसता बघत काय बसलाईस? फांदी काय आपल्या पायानं खाली उतरणार हाय?"

तानूबाईंनी बाजेवरूनच आवाज दिला, तसा झाडावर चढलेला वेल्डर दचकला आणि त्याने मुकाट्याने घाव घातला.

शुक्रवारची सकाळ होती. आखातातल्या अल खोर गावापलीकडच्या त्या मळ्यावर शहरातल्या नजमा वस्तीतून आठ माणसे आली होती. कोणी सुतार, कोणी ड्रायव्हर, बहुतेक सातारा-सांगलीकडची. तानूबाईंचा लेक सुरज मळ्याचा मुकादम. सुटीच्या दिवशी ही मंडळी मळ्यातल्या जुन्या बोरीखाली भाकऱ्या सोडीत आणि आठवड्याभराचे मराठी तिथे बोलून घेत. इथले लोक त्या झाडाला सिद्र म्हणत. पण काटा तोच, पान तेच, म्हणून तानूबाईंनी आल्या दिवशीच तिला बोर ठरवून टाकले होते.

त्या बोरीला मर लागली होती. शेंड्याकडून फांद्या वाळत येत होत्या, सालीवर काळे चट्टे पडले होते. मालकाने सुरजला बजावले होते, खजूर उतरेपर्यंत झाड हिरवे झाले तर राहील. नाहीतर यंत्राने उपटायचे आणि तिथे गाड्यांची शेड घालायची. म्हणून आठ जणांनी आपली सुटी झाडाला दिली होती, आणि तानूबाईंनी आपला हुकूम.

"आजी, वाळलेलं तेवढंच काढू या," ऑस्वल्ड म्हणाला. हा वसईचा; इस्पितळात कारकून, पण बापाच्या केळीच्या वाडीत वाढलेला. "हिरव्या फांद्यांना आता हात नको. पुढे मे-जून आहे. सावली गेली तर खोड भाजून निघेल."

"बोरीची छाटणी चैत्र-वैशाखातच. माझ्या सासऱ्यांनी चाळीस बोरी राखल्या, त्या काय तुला इचारून?"

"तिकडे छाटणीमागून पाऊस येतो, आजी. इथे मागून काय येणार?"

"सुरजची नळी येणार! केळीवाल्यानं बोरीत तोंड घालू न्हाय. यल्ला, चालू दे कोयता!"

अरबीतला, ‘चला, उरका’ अशा अर्थाचा, तेवढा एकच शब्द त्यांनी पत्करला होता, कारण तो हुकमाला बरा पडे.

दुपारपर्यंत बोर बोडकी झाली. कापांना मोरचूद आणि चुन्याचा लेप बसला. राखलेल्या चार फांद्यांच्या सालीत तानूबाईंनी स्वतः कलमाचे डोळे भरले. शेजारच्या मळ्यातल्या, मोठ्या फळाच्या हिंदुस्थानी बोरीचे. "रोगट जात कशाला वाढवायची? लिंबाएवढी बोरं खाल पुढल्या साली," त्या म्हणाल्या, आणि ऑस्वल्डकडे पाहून पदर खोचला.

पाच आठवड्यांत सगळे उलटले. उन्हाने दक्षिणेकडची साल तडकली आणि पापडासारखी सुटून आली. भरलेले डोळे काळे पडले. नळीचे पाणी मचूळ. आळ्यात मिठाचा पांढरा थर धरू लागला. सावलीच नाही म्हटल्यावर बसायला कोण येणार? आठाचे पाच झाले, पाचाचे दोन.

"आई, सोड आता नाद," सुरज वैतागून म्हणाला. "मालक मला इचारतोय, झाड बरं करत हुतासा का मारत हुतासा?"

"तू नळी धर. तोंड नगं चालवूस."

पण रागाला आता धार उरली नव्हती, हे त्यांचे त्यांना कळत होते.

आणि एका सकाळी मालकाची आई आली. जैतून तिचे नाव. तानूबाईंच्याच वयाची, काठी टेकीत, लातूरकडच्या वली ड्रायव्हरचा हात धरून. उघड्या खोडाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग काठीने माती उकरू लागली.

"काय हुडकतीया ती?" तानूबाईंनी विचारले.

"पाला बगायलीय, मावशी," वली खाली मान घालून म्हणाला. "ही सिद्र तिच्या आईनं लावलेली. आमच्या मुसलमानांत माणूस गेलं की आखरीच्या अंघोळीला ह्याचाच पाला पाण्यात घालतेत. हिच्या आईला ह्याच झाडाच्या पाल्यानं धुतलं. आपल्यालाबी ह्याच्याच पाल्यानं धुवावं, म्हणून झाड वाळायला लागल्यापास्नं जीव टांगून बसलीय बगा."

तानूबाईंचा हात कमरेवरून खाली आला. छाटणीच्या दिवशी हिरव्या पाल्याचे भारे त्यांनी शेळ्यांना टाकायला लावले होते.

"तिला म्हनावं, म्या मोठ्या बोरांचं डोळं भरलं हुतं."

वलीने सांगितले. जैतून दोनच शब्द बोलली.

"ती म्हंती, कुणी मागितली बोरं?"

तानूबाई घरात गेल्या आणि त्यांनी ऑस्वल्डला फोन लावून घेतला. चुकले, हा शब्द त्यांच्या तोंडून सत्तर वर्षांत निघाला नव्हता. आजही निघाला नाही.

"ऑस्वल्ड, ह्या शुक्रवारी ये. सगळ्यास्नी घिऊन ये. बाजेवर तू बसायचं. खोडाला गुंडाळाया गोणपाट मी भिजवते."

"येतो, आजी. चुना आणू का?"

"तू सांगशील ते आण."

तो शुक्रवार आणि पुढचे सगळे शुक्रवार ऑस्वल्ड बाजेवर बसला, आणि त्याला तिथे अवघडल्यासारखे होई. खोडाला चुना फासला, भोवती ओले गोणपाट गुंडाळले, वर हिरवी जाळी ताणली. टाकीतले गोडे पाणी तानूबाई रोज पहाटे कळशीने घालीत. मेलेले डोळे त्यांनी आपल्या नखाने उकरून काढले. सारा उन्हाळा खोड ढिम्म राहिले. खजुराचे घड पिवळे पडले, मग तपकिरी झाले; यंत्रवाला येऊन जागा मोजून गेला.

खजूर उतरू लागले त्याच आठवड्यात, गोणपाटाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तीन कोंब दिसले. मूळच्या बोरीचेच.

"आजी, ह्यांच्यावर मोठ्या बोराचं कलम करू या आता?" वेल्डरने खोडी काढली.

"हात लावशील तर मनगट छाटीन. हाय तशीच वाढू दे तिला."

मालकाने येऊन कोंब पाहिले, आईकडे पाहिले, आणि यंत्र परत पाठवले. शेडचे पुढच्या वर्षी बघू, असे म्हणाला. म्हणजे टांगती तलवार होतीच. जैतून मात्र खाली बसली आणि एकेका पानाला बोट लावीत मोजू लागली. अकरा भरली. तिने मान वर केली आणि काहीतरी पुटपुटली.

"ती म्हंती, एवढ्यात काय हुतंय?" वली म्हणाला.

तानूबाईंनी कळशी खाली ठेवली.

"खरंय म्हनावं. एक हात धुवायपुरताच पाला हाय. बाकीचं अंग धुवायचं आसंल, तर तिनं अजून धा वर्सं मरायचं न्हाय. माझा हुकूम हाय, सांग तिला."

वलीने सांगितले. जैतूनने काठी आपटली आणि तोंडभर हसून उत्तर दिले.

"काय म्हनाली?"

"म्हंती, यल्ला, मग पानी घाल."